उम्सुनायने दिराचं नाव घेतलं

माझी सून उम्सुनाय हिच्यावर मी लिहायला बसलोय हे तिला कळलं, तर ती वही चुलीत घालील. पण आत्ता ती अंगणात लोकर झोडपतेय, छडीचे फटके इथवर ऐकू येतायत, म्हणजे तासभर तरी ती घरात पाय ठेवत नाही. तेवढ्यात जमेल तेवढं लिहितो.

आमचं कोक-चाट गाव नारिन नदीच्या वरच्या अंगाला. बावीस वर्षांपूर्वी ही मुलगी माझ्या धाकट्याची, सूयूनची, बायको होऊन आली तेव्हा अंगाने काडी होती. माझी बायको म्हणाली, ही बादली उचलणार कशी. आता ती दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची ओली गुंडाळी एकटी उचलते आणि माझी बायको म्हणते, ही मला उचलून बाहेर ठेवील एक दिवस.

पहिल्याच आठवड्यात तिने मला हसवलं. आमच्याकडे सून सासऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं नाव तोंडातून काढत नाही. नुसतं नावच नाही, त्या नावात एखादी वस्तू असली तर त्या वस्तूचंही नाव घेत नाही. माझं नाव बाल्ताबाय, आणि बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. आमची कुऱ्हाड मोडली म्हणून तिला दुकानात पाठवली. दुकानदाराला म्हणते, "ते द्या, लाकूड ज्याला घाबरतं." दुकानदार बेरकी, त्याला सगळं माहीत. त्याने आधी करवत काढली, मग विळा काढला, मग काड्यापेटी. पाऊण तास तिला उभी ठेवली, पण हिच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी तिने बोट दाखवलं.

आजकालच्या सुना हे पाळत नाहीत, आणि कुणी पाळा म्हणतही नाही. मी स्वतः तिला म्हटलं, "पोरी, कुऱ्हाडीला कुऱ्हाड म्हण, मला काही होत नाही."

ती म्हणाली, "म्हटलं तर लाकडं आपोआप फुटणार आहेत का, बाबा? मग राहू दे."

असा तिचा स्वभाव. एकदा धरलं की धरलं.

तिचं काम नमद्याचे गालिचे करायचं. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून एकाच सुरीने नक्षी कापायची, मग काळ्यातली नक्षी पांढऱ्यात बसवायची, पांढऱ्यातली काळ्यात, आणि शिवून टाकायचं. एका कापात दोन गालिचे होतात. तिची आई हेच करायची. गालिच्याच्या कडेने ती मेंढ्याच्या शिंगांची वेल घालते, शिंगामागे शिंग, आणि सगळी उजवीकडे वळलेली. ही तिच्या माहेरची सही. तालुक्याच्या बाजारात शंभर गालिचे पसरले असले तरी लांबून सांगता येतं, हा उम्सुनायचा.

फोनवरचा गावाचा ग्रुप तिनेच काढला. तीन वर्षं झाली. गावात घरं साठ, पण ग्रुपमध्ये माणसं चारशेच्या वर, कारण आमची अर्धी पोरं मॉस्कोत विटा रचतायत आणि उरलेली राजधानीत, बिश्केकला, टॅक्सी चालवतायत. सगळे तिथे येऊन बसतात. मीही बसतो. दर शुक्रवारी मी सगळ्यांना गुलाबाची फुलं पाठवतो आणि कुणी काहीही लिहिलं तरी अंगठा देतो. एकदा मयताच्या बातमीला दिला. त्यावर उम्सुनायने माझा फोन काढून घेतला आणि तीन दिवसांनी दिला.

या ग्रुपचं मी काय सांगू. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत घाट बर्फाने बंद झाला आणि गुराखी तुर्गानच्या बायकोला कळा सुरू झाल्या. उम्सुनायने चार ओळी लिहिल्या. एका घरातून ट्रॅक्टर आला, दुसऱ्यातून डिझेल, तिसऱ्यातून निवृत्त झालेली सुईण आली, आणि बिश्केकमध्ये बसलेल्या एका डॉक्टरीणबाईने फोनवर सांगत सांगत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंतपण केलं. त्या पोराला सगळे ट्रॅक्टरच म्हणतात. आणि याच ग्रुपने दुसरं काय केलं, तर एकाने लग्नाच्या जेवणावळीचा व्हिडिओ टाकला, त्यात चार घोडे कापलेले दिसले, तर शेजाऱ्याने आपली दुभती घोडी विकून पोराच्या लग्नात पाच कापले आणि हिवाळाभर काळा चहा प्याला. मी तरी कुठे शहाणा. सकाळी उठून आधी फोनच बघायचो. बायको म्हणाली, "मी इकडे आहे, त्याच्यात नाही."

तर आता गेल्या ऑगस्टची गोष्ट. त्यासाठी आधी कानांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे मेंढरू कुणाचं ते कानावरून कळतं. प्रत्येक घराची कानात कापलेली खूण असते. माझ्या बापाची आणि आमच्या भाऊबंदातल्या कादिरकुलच्या आजोबाची खूण एकच, टोकाला दुहेरी खाच, कारण ते सख्खे भाऊ. वेगळे झाले तेव्हा त्यांनी कळप वाटला तसे कानही वाटले. आमच्या घराने डावा कान घेतला, त्यांच्या घराने उजवा. सत्तर वर्षांत कधी गोंधळ झाला नाही.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा शार्शेनबेक, म्हणजे उम्सुनायचा थोरला चुलत दीर, गावाच्या मेंढ्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर नेतो. बाविसाव्या वर्षापासून हेच काम. दुसरं काही येत नाही आणि यायची गरजही पडली नाही, कारण लोक आपली मेंढरं त्याच्या हवाली करून निवांत झोपतात. या कामात माणसाजवळ दुसरं काय असतं? विश्वास. तो गेला की पुढच्या वसंतात दारात कुणी मेंढरू आणून सोडत नाही.

त्याची धाकटी मुलगी बेगायिम त्या दिवशी नवं जाकीट घालून बसली होती. तिने फोन समोर धरून स्वतःचा फोटो काढला. मागे तंबू, दोरीवर वाळत टाकलेला गालिचा, आणि चरणारी मेंढरं. कड्यावर चढून, जिथे सिग्नल लागतो तिथून, तिने तो सगळ्यांना दाखवला. बिचारीच्या मनात फक्त जाकीट होतं.

कादिरकुलची मेंढरं वर होती, पण काळ्या डोक्याचा मेंढा त्याने खाली घरी ठेवला होता, आणि तो चार दिवस हरवला होता. त्याने फोटो पाहिला. बेगायिमच्या खांद्यामागे काळ्या डोक्याचा मेंढा, आणि उजव्या कानाला दुहेरी खाच. त्याने कानाभोवती लाल गोल काढला आणि ग्रुपवर टाकलं, 'मी डोंगर पालथे घालतोय आणि माझा मेंढा शार्शेनबेककडे पाहुणा.'

तिथून जे सुटलं ते मी वाचत गेलो. एकाला गेल्या वर्षीची शेळी आठवली. दुसऱ्याला दहा वर्षांपूर्वीचं कोकरू. मॉस्कोतून एकाने, ज्याच्याकडे एकही मेंढरू नाही, मेंढीचोरांना काय करावं ते लिहिलं. शार्शेनबेकचं नाव सोळा जणांनी घेतलं, नुसतं नाव, पुढे दादा नाही, काका नाही. वर कुरणावर त्याला यातलं काही माहीत नाही, तो घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस घुसळत बसलेला.

आणि मग उम्सुनायने लिहिलं, 'लाज वाटायला हवी.'

एवढंच. नाव ती घेणारच नव्हती. पण ग्रुप तिचा, त्यामुळे ते लिहिणं म्हणजे शिक्काच बसला. तासाभरात सहा घरांनी ठरवलं, परवा सकाळी ट्रक घेऊन वर जायचं आणि आपापली मेंढरं उतरवायची. मी काय केलं? काही नाही. माझाच पुतण्या, म्हणून मी म्हाताऱ्यांच्या बाकावर गप्पा हाणायला जाऊन बसलो नाही इतकंच. फोटो खोटं कशाला बोलेल, असं मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उम्सुनाय कात्री हातात घेऊनच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, ही शिंगं बघा."

"मेंढ्याची?"

"गालिच्याची. तो दोरीवरचा मी केलाय, डोंगरावरच्यांच्या घरात लग्न होतं तेव्हा." डोंगरावरचे म्हणजे शार्शेनबेक. "बिश्केकच्या एका गिऱ्हाईकबाईला तशीच कड हवी आहे, म्हणून मी फोटो मोठा करून बघत होते. शिंगं डावीकडे वळलीयत."

"उलटा टांगला असेल."

"पाठीला साधा नमदा असतो, नक्षी दिसते म्हणजे तोंड इकडेच. मग उलटा टांगा, आडवा टांगा, वळसा बदलत नाही. इथे बघा." तिने एक तुकडा माझ्यासमोर गोल फिरवला. शिंगं कशीही फिरवली तरी उजवीकडेच. मग तिने मला हाताला धरून आरशासमोर नेलं आणि तुकडा धरला. आरशात शिंगं डावीकडे वळली होती.

मी म्हातारा, मला वेळ लागला. ती समजावत राहिली. स्वतःचा फोटो काढताना तो जुना फोन आरशासारखा दाखवतो आणि तसाच ठेवून देतो. डावं ते उजवं होतं. म्हणजे फोटोत उजवा दिसणारा कान खरा डावा. म्हणजे खूण आमच्या घराची. काळ्या डोक्याचा मेंढा माझ्याकडे नाही, म्हणजे शार्शेनबेकचा स्वतःचाच.

मी म्हटलं, "मग झालं की. लिहून टाक."

तिने लिहिलं. गालिच्याचे फोटो काढून टाकले, आरशाचा टाकला. उत्तरं काय आली? 'वहिनी दिराची बाजू घेणारच.' 'आता गालिचे साक्ष देणार.' एकाने हसून रडणारी सतरा तोंडं टाकली, मी मोजली. आरोप वाचायला चारशे माणसं होती, खुलासा वाचायला वीसही थांबली नाहीत.

तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, लाज वाटायला हवी असं मी लिहिलंय. ते माझ्याच हातचं आहे."

सकाळी ट्रक निघाला तेव्हा ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. कादिरकुल तिच्यापेक्षा लहान, तो तिची थट्टा करू शकतो आणि करतोच. "वहिनी, तुझं एक तरी मेंढरू आहे का वर?"

"माझा एक शब्द आहे वर," ती म्हणाली. "तो उतरवायचाय."

मीही चढलो. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला ट्रकमधून खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती.

वर पोचलो तर शार्शेनबेक हसत पुढे आला. इतकी माणसं एकदम कधी येत नाहीत. त्याच्या बायकोने चादर अंथरली, तळलेल्या पिठाचे बोर्सोक ओतले, कुमिसचे वाडगे भरले. कुणी हात लावला नाही. आमच्यात पुढ्यात आलेला वाडगा न उचलणं म्हणजे घरात मयत, नाहीतर वैर. शार्शेनबेकचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "काळ्या डोक्याचा मेंढा आण."

त्याने का म्हणून विचारलं नाही. शीळ घातली, कळपात शिरला, शिंगाला धरून मेंढा ओढत आणला आणि कादिरकुलच्या पायाशी उभा केला. कादिरकुलने आधी उजवा कान पाहिला. सरळ, अख्खा. मग डावा. दुहेरी खाच. पुन्हा एकदा उजवा पाहिला, जणू तेवढ्यात बदलेल.

तोवर कड्यावर सगळं वाचून आलेल्या बेगायिमने रडत रडत बापाला सांगून टाकलं होतं. शार्शेनबेकने ते ऐकलं. मेंढ्याला सोडून दिलं आणि हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरसुद्धा.

कादिरकुल म्हणाला, "चला, मिटलं. दादा, माझी चूक. कुमिस देताय ना?"

बाकीचे वाडग्याकडे वळले. गावातला माणूस असाच असतो, भांडण मिटलं की पहिली भूक लागते.

उम्सुनाय बसली नाही. "इथे मिटलं. तिथे?"

"खाली गेल्यावर टाकतो ना. गैरसमज दूर झाला म्हणून."

"कुणाबद्दलचा? तू चोर म्हणताना नाव घेतलंस. सोळा जणांनी घेतलं. आता नावाशिवाय कसला गैरसमज? डोंगरावरच्यांचा मुलगा मॉस्कोत ते वाचून बसलाय. परवापासून त्याने घरी फोन केलेला नाही."

कादिरकुल ओशाळला होता, आणि ओशाळलेला माणूस थट्टेवर येतो. "मग तूच घे की नाव. ग्रुप तुझा आहे. मी म्हणतो, वहिनीने नाव घेतलं तर मी त्याखाली टोपी काढून माफी मागतो."

सगळे हसले. कारण सगळ्यांना माहीत, ही घेणार नाही.

तिने बेगायिमला हाक मारली. "चल कड्यावर. फोन घे. आणि या वेळी मागच्या डोळ्याने काढ."

अर्धा कोस चढ आहे. सगळे मागे मागे गेलो, कुमिस तसाच राहिला. शार्शेनबेक येत नव्हता, त्याला मी काठीने ढकलत नेलं. कड्यावर वारा इतका की टोप्या धराव्या लागत होत्या. उम्सुनायने दिराला शेजारी उभं केलं. तो दुसरीकडेच बघत होता, थोरला दीर भावजयीशेजारी असा उभा राहत नाही. तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला. बेगायिमने मान हलवली, सुरू झालं.

"मी उम्सुनाय," ती म्हणाली. "बाल्ताबायची सून."

बावीस वर्षं या बाईने मला मोठ्या टोपीवाले बाबा म्हटलंय, कुऱ्हाडीला लाकडाची भीती म्हटलंय.

"अकमातचा मुलगा शार्शेनबेक याच्या कळपात चोरीचं एकही मेंढरू नाही. आम्ही कान पाहिला, कादिरकुलने स्वतः पाहिला. शार्शेनबेकने चोरी केली नाही. फोटो उलटा होता आणि आम्ही त्यावर उलटं बोललो. लाज वाटायला हवी असं मी लिहिलं होतं. ती मला वाटतेय. सोळा जणांनी हे नाव घेतलं होतं, त्या सोळांनी ते आता नीट घ्यावं."

तीन नावं. अकमात माझा थोरला भाऊ, जाऊन अकरा वर्षं झाली. तो जिवंत असताना तिने त्याच्यासमोर मान वर केली नव्हती, आणि आता त्याचं नाव डोंगरावर असं मोठ्याने म्हणाली की वाऱ्यातही ऐकू आलं. आवाज एकदाच फाटला, अकमात म्हणताना. मी माझ्या सुनेबद्दल पुष्कळ वेळा बढाया मारल्या आहेत, दुकानात, बाकावर, मशिदीच्या दारात. त्या दिवशी मी नुसती वाऱ्यात टोपी धरून उभा राहिलो.

बेगायिमने ते पाठवलं. शार्शेनबेकने टोपी काढली, पुन्हा घातली.

"परत लाव," तो म्हणाला.

तिला वाटलं काही चुकलं. "काय झालं?"

"काही नाही. घरच्या सुनेच्या तोंडून माझं नाव कसं वाजतं ते कधी ऐकलं नव्हतं." मग म्हणाला, "बरं वाजतं."

तीन वेळा लावून ऐकलं त्याने. कादिरकुलने टोपी काढली आणि व्हिडिओच्या खाली स्वतःचा व्हिडिओ केला, बोलताना अडखळला, पण नाव घेतलं आणि पुढे दादा म्हणाला. मग फोन टिकटिकायला लागला. सोळांपैकी नऊ जणांनी त्याच दुपारी लिहिलं. उरलेल्यांपैकी काहींनी नंतर, आणि तिघांनी आजवर नाही. उम्सुनाय त्या तिघांची नावं सांगत नाही, मीही लिहीत नाही. कड्यावर असतानाच मॉस्कोहून मुलाचा फोन आला. शार्शेनबेक पाठ फिरवून दूर जाऊन बोलला, काय ते आम्ही ऐकलं नाही.

कादिरकुलचा मेंढा दहा दिवसांनी घाटापलीकडच्या एका कळपात सापडला. तिथल्या मेंढपाळाने ग्रुपवर फोटो टाकला होता, दोन्ही कान वेगवेगळे काढून. ती नवी पद्धत आता सगळ्या खोऱ्यात चालते आणि ती आमच्या घरातून निघाली, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. हरवलेलं जनावर लगेच टाका, पण माणसाबद्दल लिहायच्या आधी त्याच्या दारात जाऊन या, असं उम्सुनायने ग्रुपच्या माथ्यावर लिहून ठेवलंय. सगळे पाळतात असं नाही. ती दर महिन्याला एखाद्याला बाहेर काढते.

त्या दिवशी कुमिस पिऊन आम्ही निघालो तेव्हा कादिरकुलने विचारलं, "दादा, माझी मेंढरं राहू देताय ना वर?"

"राहू दे," शार्शेनबेक म्हणाला. "पण चौकशी करायची तर चढून येत जा. तुझं पोटही उतरेल."

ट्रक रिकामा खाली आला. पुलाजवळ त्या सहा घरची बाकीची माणसं मेंढरं वाटून घ्यायला थांबायची होती. पण त्यांनी फोनवर सगळं पाहिलं होतं, आणि कोण कुणाच्या तोंडाकडे बघणार म्हणून ती आधीच घरी निघून गेली होती. फक्त सालिखा म्हातारी दगडावर बसलेली. तिच्याकडे फोन नाही. तिच्या सहा मेंढ्या वर होत्या आणि ती सकाळपासून काठी घेऊन वाट बघत होती.

"माझ्या कुठायत?" तिने विचारलं.

उम्सुनाय ट्रकमधून उतरली, तिच्यासमोर उकिडवी बसली. "वरच आहेत, आजी. खुशाल आहेत."

"कुणाकडे?"

"शार्शेनबेककडे," उम्सुनाय म्हणाली.

या वेळी ते सहज आलं. म्हातारीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती काठी टेकून उठली आणि म्हणाली, "मग मी उगाच दिवसभर बसले." आणि घराकडे चालू लागली.